खाऱ्या पाण्याची टाकी आणि घरी वाढणारे प्रवाळ : रिकाम्या काचेपासून पहिल्या फ्रॅगपर्यंत (फ्रॅग म्हणजे प्रवाळाचा कापून नव्याने लावलेला तुकडा)

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याचं बरंचसं पोट उजेडावर भरतं. त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशातून साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. कठीण प्रवाळ याच्या जोडीला पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून चुनखडीचा सांगाडा बांधतात. म्हणून या टाकीत उजेड, पाण्याचा प्रवाह आणि पाण्याचं रसायन अशा तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिल्या दोन एकदा बसवल्या की बसतात. तिसरी रोज हलत असते, आणि टाक्या बहुतेक वेळा तिथेच बिघडतात. आकडा चुकीचा असण्यापेक्षा तो घाईने बदलल्यामुळे मेलेले प्रवाळ जास्त असतात.

वेळेचा हिशेब आधीच करून ठेवा. पाणी भरल्यापासून पहिला मासा महिना-दीड महिन्याने, पहिला मऊ प्रवाळ दोन-तीन महिन्यांनी, आणि अॅक्रोपोरासारखा नाजूक कठीण प्रवाळ आठ महिने ते वर्षभराने.

टाकी आणि तिच्याखालचा पसारा

सुरुवातीला लहान टाकी सोपी वाटते, पण खाऱ्या पाण्यात ती जास्त अवघड असते. ४० लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडालं तर क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे किती भाग, म्हणजे पीपीटी) ३५ वरून जवळपास ३६ वर जाते. १५० लिटरमध्ये तेवढ्याच बाष्पीभवनाने ती जेमतेम ३५.२ होते. पहिल्या टाकीसाठी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर हे माप चांगलं. काठोकाठ भरली तर १८२ लिटर, दगड-वाळू गेल्यावर प्रत्यक्ष पाणी साधारण १५० लिटर. पुढचे सगळे हिशेब याच १५० लिटरवर केले आहेत.

काच, दगड, वाळू आणि पाणी मिळून वजन अडीचशे किलोपर्यंत जातं. स्टँड चारही कोपऱ्यांत समतल हवा. थेट ऊन पडणारी जागा टाळा. प्रत्येक वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबून मग वर जाईल अशी लावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटात न जाता खाली टपकेल. या टाकीच्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं.

टाकीखाली सम्प ठेवता आला तर जरूर ठेवा. सम्प म्हणजे दुसरी, लहान टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोतून तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर ढकलतो. स्किमर, हीटर असा सगळा पसारा तिथे लपतो. वीज गेल्यावर वरून किती पाणी खाली येतं, हे पहिल्याच दिवशी पंप बंद करून बघा. पाण्याची पातळी दोन सेंटिमीटर उतरली तरी आठ लिटर पाणी खाली येतं. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी नसेल तर ते जमिनीवर येईल. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडलं की सायफन तुटतो. ते भोक शैवालाने बुजतं, त्यामुळे महिन्यातून एकदा काडी फिरवायची.

बाकीची यादी अशी:

- परतीचा पंप, ताशी ७०० ते ८०० लिटर.
- प्रवाहासाठी दोन वेव्हमेकर, प्रत्येकी ताशी ३००० ते ४००० लिटर.
- प्रोटीन स्किमर. बारीक बुडबुड्यांना चिकटलेला सेंद्रिय मळ तो फेसावाटे बाहेर काढतो.
- ७५ वॉटचे दोन हीटर. १५० वॉटचा एकच घेतला आणि तो चालू अवस्थेत अडकला, तर सगळी टाकी उकडून निघते.
- आपोआप पाणी भरणारं यंत्र, म्हणजे एटीओ.
- क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर.
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट), कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची टेस्ट किट्स.

तापमान २५ ते २६ अंश ठेवा. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला तर ते दोन-तीन अंशांनी उतरतं, पण पाणीही भराभर उडतं. एवढं करूनही पारा २९ च्या वर राहत असेल तर चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, प्रवाळांचा विचार करू नका. उष्णतेने प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात.

पाणी : इथे काटकसर नको

नळाच्या पाण्यात क्लोरिन, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधीकधी पाइपांमधून आलेलं तांबं असतं. तांब्याचा अंशही बिनकण्याच्या प्राण्यांना मारक ठरतो. घरातल्या पिण्याच्या पाण्याच्या आरओवरही भागत नाही, कारण चवीसाठी त्यात मुद्दाम क्षार शिल्लक ठेवलेले किंवा परत मिसळलेले असतात. आरओनंतर डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षारही शोषणाऱ्या दाण्यांची, नळी लावलेली हवी आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. रेझिन संपत आलं की सिलिकेट लवकर निसटू लागतं. जुन्या टाकीत अचानक तपकिरी थर दिसू लागला तर आधी रेझिन तपासा.

मीठ सागरी मत्स्यालयासाठी बनवलेलंच घ्या. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. त्यावर प्रवाळ जगत नाहीत. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे २५ लिटरच्या बादलीला ९०० ग्रॅमच्या आसपास. आधी पाणी, मग चालू पंपासमोर थोडं थोडं मीठ. कोरड्या मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून खाली बसतात. पाणी दुधाळ होतं आणि तो साका पुन्हा विरघळत नाही. रात्रभर फिरवा, टाकीच्या तापमानाला आणा आणि मग क्षारता मोजा. लक्ष्य ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून तो ३५ ला बरोबर असेलच असं नाही. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्यावर महिन्यातून एकदा जुळवून घ्या.

बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर नेहमी गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची. इथे खारं पाणी घालणं ही नवख्यांची ठरलेली चूक. चार दिवसांत क्षारता वर चढते आणि गोगलगायी आधी जातात.

दगड आणि वाळू

दगड शोभेसाठी नसतो, टाकीचं गाळणयंत्र तोच असतो. त्याच्या छिद्रांमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात. त्यामुळे हलका आणि सच्छिद्र दगड निवडा. या टाकीला १२ ते १५ किलो पुरतो. कोरडा दगड घेतला तर टाकी परिपक्व व्हायला वेळ लागतो, पण नको असलेले पाहुणे येत नाहीत. समुद्रातून आलेल्या जिवंत दगडाबरोबर उपयोगी जीव येतात, तसे खेकडे आणि एप्टेसियाही येतात. एप्टेसिया हे काचेरी, विषारी अॅनिमोन. एकाचे पन्नास होतात आणि खरवडून काढायला गेलात तर तुकड्यातुकड्यातून नवे उगवतात.

दगड थेट तळाच्या काचेवर ठेवून, इपॉक्सी पुटीने पक्का करून मगच वाळू घाला. वाळूवर ठेवलेला दगड खाली उकरणाऱ्या गोबी माशामुळे घसरतो आणि पुढची काच तडकते. मागच्या काचेपासून पाच-सात सेंटिमीटर अंतर सोडा. भिंत न रचता कमानी आणि फळ्या करा, म्हणजे पाणी आरपार वाहील. वाळू अॅरॅगोनाइटची, एक ते दोन मिलिमीटर दाण्याची, तीन सेंटिमीटर थर. त्याला १५ ते १८ किलो लागते. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडा.

सायकल : दिसायला रिकामी, पण कामात असलेली टाकी

माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही फौज उभी राहायला तीन ते सहा आठवडे लागतात. यालाच टाकीची सायकल म्हणतात. त्यासाठी मासा बळी देण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. शुद्ध अमोनियम क्लोराइड एक ग्रॅम घातलं की १५० लिटरमध्ये अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. बाटलीतले जिवाणू घाला, पंप आणि हीटर चालू ठेवा, दिवे बंद. उजेडाचा या टप्प्यात शैवालाखेरीज कोणालाही फायदा नाही.

दर दोन-तीन दिवसांनी तपासा. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत तो शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही उतरलं की सायकल झाली. पाण्यात नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटचं किट फुगवलेला आकडा दाखवतं. तो बघून घाबरून पाणी बदलू नका. शेवटी नायट्रेट २० च्या वर असेल तर तिसरा हिस्सा किंवा अर्धं पाणी बदलायचं.

कुरूप महिने

सायकल संपून दिवे लागले की आधी तपकिरी धूळ येते. ती डायटम्स या सूक्ष्म शैवालाची. सिलिकेट संपलं की दोन-तीन आठवड्यांत आपोआप जाते. मग हिरवे केस उगवतात. हाताने उपटा, सहा-आठ ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी सोडा, दिवे आठ तासांवर आणा. औषधं ओतू नका.

या टप्प्यावर बरेच जण नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेण्यासाठी रसायनी गाळण्या लावतात आणि स्वतःच दुसरं संकट ओढवून घेतात. पोषण शून्य झालं की बाकीचं शैवाल मरतं आणि मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट्स पसरतात. ही तपकिरी, शेंबडासारखी तार असते, टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेला, रात्री कमी आणि दुपारी जास्त. ती घालवणं केसाळ शैवालापेक्षा कितीतरी अवघड. म्हणून नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. प्रवाळांनाही तेवढं लागतंच.

मासे, थोडक्यात

या आकाराला चार-पाच लहान मासे पुरे. क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक गोबी. टाकीत पैदास केलेले घ्या, ते कोरडं अन्न लगेच घेतात. टँग जातीच्या माशांना पोहायला ही टाकी अपुरी, आणि मँडरिन इथे उपाशी मरतो, कारण त्याला दिवसभर कोपेपॉड हे बारीक जिवंत जीव खायला लागतात.

प्रत्येक मासा आधी चार आठवडे वेगळ्या ४० लिटरच्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा सागरी रोग, क्रिप्टोकॅरियन, एकदा मुख्य टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून ती दोन-अडीच महिने बिनमाशांची ठेवावी लागते. त्यावरचं तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालता येत नाही. ते प्रवाळ मारतं आणि दगडात मुरून बसतं.

उजेड आणि प्रवाह

दिव्याचे वॉट बघू नका, ‘पार’ (पीएआर) हा आकडा बघा. प्रवाळाच्या जागी प्रत्यक्ष पोहोचणारा, उपयोगाचा प्रकाश तो मोजतो. मऊ प्रवाळांना ५० ते १००, मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळाचा एकेक तोंडवाला जीव) कठीण प्रवाळांना ८० ते १५०, लहान पॉलिपवाल्यांना २०० ते ३५०. पार मीटर रोज लागत नाही, एकदा कोणाचा तरी मागून आणा आणि टाकीचा नकाशा काढून ठेवा. निळा प्रकाश जास्त असलेला एलईडी, दिवसाला आठ ते दहा तास. नवा दिवा निम्म्या ताकदीवर सुरू करून आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढवायचा. कमी उजेडात प्रवाळ तपकिरी पडतो, पण जगतो. जास्त उजेडात तो आठवड्यात पांढरा पडतो.

वेव्हमेकर समोरासमोर लावा, म्हणजे धारा मध्ये आपटून फुटतील. एकाच दिशेची सरळ धार प्रवाळाचं मांस हाडापासून सोलून काढते. पॉलिप डोलायला हवेत, एका बाजूला झोपायला नकोत.

कोणता प्रवाळ आधी

सुरुवात डिस्कोसोमा मश्रूम, झोअँथिड, लेदर आणि केनिया ट्री यांनी. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया सुंदर दिसतात पण तणासारखे पसरतात, म्हणून त्यांना मुख्य दगडापासून दूर, एकट्या खडकावर बसवा. हे सुरुवातीचे प्रवाळ तीन महिने तरारून राहिले की डंकन, कँडी केन, फांद्यांचा हॅमर हे मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ. मग माँटिपोरा. माँटिपोराच्या कडा पांढऱ्या किंवा फिक्या होऊन वाढताना दिसल्या की पाणी स्थिर आहे असं समजा आणि त्यानंतरच अॅक्रोपोराकडे बघा.

सगळे कठीण प्रवाळ आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, आणि भारतासह काही देशांत वन्यजीव कायदा त्यांना आणखी कडक संरक्षण देतो. घेण्याआधी कायदा तपासा. समुद्रातून तोडलेला तुकडा कोणी कितीही आग्रहाने दिला तरी नको.

नवा तुकडा थेट टाकीत जात नाही. पिशवी १५ मिनिटं तरंगवून तापमान जुळवा. मग टाकीतल्या पाण्याच्या वेगळ्या भांड्यात प्रवाळांसाठीचं डिप, म्हणजे किडे काढणारं औषधी द्रावण, बाटलीवरच्या मात्रेने, १० ते १५ मिनिटं. मधूनमधून पिचकारीने पाणी मारा. भांड्याच्या तळाशी चपटे किडे आणि न्यूडिब्रँक (प्रवाळ खाणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगायी) पडलेले दिसतील. डिपने अंडी मरत नाहीत, त्यामुळे जुना प्लग, म्हणजे तुकडा चिकटवलेली छोटी चकती, तोडून फेकून द्या आणि आठवड्याने पुन्हा डिप करा. मग सायनोअॅक्रिलेट जेलने नव्या प्लगवर चिकटवून आधी वाळूवर, दोन आठवड्यांत हळूहळू वर.

अंतर सोडा. हॅमर आणि टॉर्च हे प्रवाळ रात्री लांब सोंड्या काढून शेजाऱ्याला डसतात, त्यांच्याभोवती १५ सेंटिमीटर मोकळे हवेत. गॅलेक्सियाला त्याहून जास्त. लेदर पाण्यात रसायनं सोडून लढतो, म्हणून मऊ आणि कठीण एकत्र ठेवले तर अॅक्टिव्हेटेड कार्बन कायम चालू ठेवा.

अल्कलिनिटी : रोजची वही

अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० ते १३५०. या तिघांत अल्कलिनिटी सर्वांत लवकर घसरते. सांगाडा बांधताना १ डीकेएच अल्कलिनिटीमागे कॅल्शियम फक्त ७ पीपीएम खर्च होतं. त्यामुळे कॅल्शियमचा आकडा आठवडाभर हललेला दिसत नाही, तेवढ्यात अल्कलिनिटी तळाला गेलेली असते.

आधी टाकी किती खाते ते शोधा. तीन दिवस काहीही न घालता, रोज एकाच वेळी मोजा. समजा ८.४ वरून ७.८ झाली. म्हणजे दिवसाला ०.२ डीकेएच. १०० लिटर पाणी १ डीकेएचने वर न्यायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. म्हणून १५० लिटरला रोजचे ०.९ ग्रॅम. तेवढाच जोडीचा कॅल्शियमचा खर्च भरायला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट पाऊण ग्रॅमच्या जरा वर. दोन्ही वेगवेगळे विरघळवायचे, वेगवेगळ्या वेळी, जोराच्या प्रवाहात घालायचे. एकत्र पडले की चुन्याची पांढरी रांगोळी होते आणि दोन्ही वाया जातात. बेकिंग पावडर ही वेगळी वस्तू आहे, ती चालत नाही.

अल्कलिनिटी खाली गेलेली सापडली तरी दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त वर नेऊ नका. ६.५ वर आठवडा काढलेला प्रवाळ वाचतो. एका दुपारी ६.५ वरून ९ वर नेलेला अॅक्रोपोरा बुडापासून सोलत जातो. नायट्रेट-फॉस्फेट जवळपास शून्य असताना अल्कलिनिटी १० च्या वर नेली तर फांद्यांची टोकं जळतात. आणि सोडा घालूनही आकडा टिकत नसेल, हीटर-पंपांवर चुना जमत असेल, तर मॅग्नेशियम मोजा. ते १२०० च्या खाली गेलं की चुना आपोआप बाहेर पडू लागतो.

फक्त मऊ प्रवाळ असतील तर यातलं काही लागत नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की पुरे.

आठवड्याची बाकीची कामं तासाभराची: स्किमरचा कप, काच, १५ लिटर पाण्याची अदलाबदल, नायट्रेट-फॉस्फेटची नोंद. डंकन आणि हॅमरला आठवड्यातून एकदा-दोनदा मायसिस या कोळंबीसारख्या जीवाचा बारीक तुकडा द्या. टाकीभर प्रवाळखाद्य ओतण्याची गरज नाही.

बिघाड ओळखायचा कसा

सगळेच प्रवाळ एकदम मिटले तर कारण पाण्यात आहे: क्षारता, तापमान, अल्कलिनिटी याच क्रमाने मोजा. एकच मिटला असेल तर कारण जागेत, शेजाऱ्यात किंवा किड्यात आहे. रात्री विजेरी घेऊन बघा. हॅमरच्या मुंडक्यावर तपकिरी, दुर्गंधी येणारी जेली दिसली तर तो भाग त्याच घटकेला नळीने शोषून बाहेर काढा आणि मुंडकं सांगाड्यासकट कापून टाका, नाहीतर ते पुढच्या मुंडक्यावर जातं. काही कळत नसेल तर कार्बन बदला, थोडं पाणी बदला आणि हात मागे घ्या.

वीज जाते तेव्हा मासे थंडीने नाही, प्राणवायू संपल्याने मरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच आणून, चालवून बघून ठेवा.

फ्रॅग कापणं

आधी सावधगिरी. झोअँथिड, आणि त्याहून जास्त त्याचा जवळचा भाईबंद पॅलिथोआ, यांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना हात लावू नका, आणि असे प्रवाळ असलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका किंवा वाफेने धुऊ नका. वाफेबरोबर विष श्वासात जाऊन संपूर्ण कुटुंब इस्पितळात पोहोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

माँटिपोरा आणि अॅक्रोपोरा बोन कटरने दोन-तीन सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापतात. फांद्यांचा हॅमर पॉलिपच्या किमान तीन सेंटिमीटर खाली, सांगाड्यावर कापायचा. कटरने दाबलं तर सांगाडा उभा चिरतो, म्हणून बारीक करवत वापरा. मश्रूम धारदार पात्याने तोंडाच्या मधून, दोन किंवा चार भाग. त्याला गोंद धरत नाही, म्हणून खड्यांनी भरलेल्या वाटीवर जाळी बांधून कमी प्रवाहात ठेवतात. आठ-दहा दिवसांत तो खड्याला चिकटतो. लेदरचा तुकडा रबरबँडने प्लगवर बांधायचा.

कापणी झाली की कार्बन नवा घाला आणि फ्रॅग दोन-तीन आठवडे जागचे हलवू नका. प्लगवर मांस पसरू लागलं की तुकडा लागला. प्रत्येक जातीचा एक तरी फ्रॅग दुसऱ्या कोणाच्या टाकीत पाठवून ठेवा. तुमच्याकडे हीटर अडकून पाणी उकडलं, तर तीच जात तिथून परत मिळते.